फ्रेंचमधले ‘ओ’, ‘द्यू’ आणि ‘दे’: कॉन्ट्रॅक्टेड आर्टिकलच्या सरावाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बॅच कुठलीही असो, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हेच प्रश्न येतात, त्याच क्रमाने, आणि मीही तीच उत्तरं परत परत देत बसतो, म्हणून आता एकदाच लिहून टाकतोय. इथे फ्रेंच शब्द देवनागरीत दिलेत, म्हणजे वाचतानाच उच्चार कानात बसेल, पण तुमच्या वहीत मात्र स्पेलिंग रोमनमधेच लिहा. ‘झ’ जिथे आहे तिथे झूममधला झ वाचा, आणि ‘ज’ म्हणजे जहाजातला ज नाही, थोडा श कडे झुकलेला मऊ ज.

कॉन्ट्रॅक्टेड आर्टिकल म्हणजे नेमकं काय?

फ्रेंचमधे ‘आ’ आणि ‘द’ अशी दोन प्रीपोझिशन आहेत, जी दिवसभर लागतात. आणि ‘ल’, ‘ला’, ‘ले’ ही आर्टिकलं, तीही दिवसभर लागतात. आता ‘आ’ किंवा ‘द’ च्या लगेच मागोमाग ‘ल’ किंवा ‘ले’ आलं की दोघांचा मिळून एकच शब्द होतो. आ अधिक ल म्हणजे ओ, स्पेलिंग ए-यू. आ अधिक ले म्हणजे परत ओ, पण स्पेलिंग ए-यू-एक्स. द अधिक ल म्हणजे द्यू, डी-यू. द अधिक ले म्हणजे दे, डी-ई-एस. झालं, चारच आहेत. ‘आ ला’, ‘द ला’ आणि स्वरापुढचं ‘आ ल्’, ‘द ल्’ हे जसेच्या तसे राहतात, त्यांना हात लावायचा नाही.

उदाहरण म्हणून: ज व्हे ओ मार्शे, मी बाजारात जातोय. ज व्हे आ ला गार, मी स्टेशनवर जातोय. ज व्हे आ लेकोल, मी शाळेत जातोय. ज व्हे ओ त्वालेत, हे तर सगळ्यात आधी शिकून घ्या, कधीही गरज पडू शकते. (इथला ओ एक्सवाला, कारण फ्रान्समधे टॉयलेट या अर्थाने तो शब्द अनेकवचनातच वापरतात.)

जोडलं नाही तर चालत नाही का? समोरच्याला कळेल की.

कळेल. पण चूकच धरतात, आणि चांगलीच खटकणारी चूक. आपल्याकडे ‘झालं आहे’ आणि ‘झालंय’ दोन्ही चालतं, एक जरा नीटनेटकं, एक घरातलं. त्यामुळे आपल्याला वाटतं की ओ म्हणजे ‘झालंय’ सारखं बोलण्यातलं शॉर्टकट रूप असेल, परीक्षेत पूर्ण लिहिलं तर जास्त मार्क मिळतील. उलट आहे. ‘आ ल मार्शे’ असं फ्रेंच माणूस ना बोलताना म्हणतो ना लिहिताना लिहितो, ते रूप आजच्या भाषेत अस्तित्वातच नाही. जोडणं सक्तीचं आहे, स्टाइलचा प्रश्न नाही.

मग ‘आ ला’ का नाही जोडत? हा अन्याय का?

हा प्रश्न मला आवडतो. जुन्या फ्रेंचमधे आ आणि ल जोडून ‘अल’ असा शब्द होता आणि द आणि ल जोडून ‘देल’. पुढे व्यंजनाआधी येणारा ल हळूहळू उ सारखा बोलला जायला लागला, म्हणून अल चा अउ झाला आणि कालांतराने त्याचा उच्चार ओ वर येऊन थांबला. देल चं देउ, मग द्यू. हाच प्रकार घोड्याच्या बाबतीत झालाय, एकवचन शव्हाल आणि अनेकवचन शव्हो, ल गेला आणि ओ आला. तुम्ही दोन्ही वेगवेगळे नियम म्हणून पाठ करत असाल, पण मूळ एकच.

आता ‘ला’ मधे ल च्या पुढे आ हा स्वर आहे, आणि ‘लेकोल’ मधे ल च्या पुढे ए आहे. स्वर पुढे असला की ल ला धक्का लागला नाही, तो टिकला. म्हणून स्त्रीलिंग आणि स्वराने सुरू होणारे शब्द बचावले. राहिला एक्स, तर मध्ययुगात हाताने पोथ्या लिहिणारे लोक शब्दाच्या शेवटी येणारं यू-एस थोडक्यात लिहायला एक खूण करायचे, ती एक्ससारखी दिसायची, पुढे लोक तिला एक्सच समजले आणि मग यू परत जोडला गेला. ए-यू-एक्स मधला एक्स हा असा चिकटलेला आहे.

‘आँ’ (मधे) या प्रीपोझिशनचंही पूर्वी असं जोडरूप होतं. आँ अधिक ले म्हणजे ‘एस’, आणि ते आजही डिग्रीच्या नावात सापडतं: दोक्तर एस लेत्र. सरावात याची गरज शून्य, पण कोणाच्या नावापुढे दिसलं तर दचकू नका.

दोन्ही ‘ओ’ सारखेच ऐकू येतात, डिक्टेशनमधे ओळखायचे कसे?

पुढच्या शब्दावरून. पुढचा शब्द स्वराने सुरू होत असेल तर एक्सचा आवाज जागा होतो आणि झ ऐकू येतो: ज पार्ल ओ झाँफाँ, मी मुलांशी बोलतोय. तो झ ऐकला की बिनधास्त ए-यू-एक्स लिहा, कारण एकवचनी ओ स्वरापुढे येतच नाही, तिथे आ ल् होतं. पुढचा शब्द व्यंजनाने सुरू होत असेल तर मात्र कान उपयोगाचा नाही. ‘ज पार्ल ओ व्ह्वाझँ’ यात शेजारी एक की चार हे नुसतं ऐकून फ्रेंच माणसालाही कळणार नाही, मागचा-पुढचा संदर्भ बघावा लागतो.

एच ने सुरू होणाऱ्या शब्दांचं काय?

एच फ्रेंचमधे कधीच ऐकू येत नाही, पण त्याचे दोन स्वभाव आहेत. एक मुका, जो नसल्यासारखाच, त्यामुळे शब्द स्वराने सुरू झाला असं धरायचं: आ लोपिताल, द लोतेल. दुसरा आवाज न करता दार अडवून उभा राहणारा, तिथे ल चं ल् होत नाही आणि म्हणून जोडणी होते: द्यू एरो, म्हणजे हिरोचा. मजा अशी की हिरॉइनचा एच मुका आहे, तिथे ‘द लेरोइन’. एकाच घरातले दोन शब्द आणि नियम दोन.

हिरोंच्या अनेकवचनात ‘ले झेरो’ म्हणालात तर त्याचा अर्थ ‘शून्यं’ होतो, तेव्हा तिथे ‘ले एरो’, मधे थांबून. ‘ओ आझार’, म्हणजे काहीही न ठरवता, सहज, हाही असाच अडवणाऱ्या एचचा शब्द. कुठला एच कसा हे स्पेलिंगवरून कळत नाही. डिक्शनरीत अडवणाऱ्या एचला बहुतेक ठिकाणी फुली, चांदणी किंवा अपॉस्ट्रॉफीची खूण असते, ती बघायची सवय लावा.

मधे विशेषण आलं तर?

तर विशेषणाकडे बघायचं, नामाकडे नाही. आर्टिकलला फक्त त्याच्या शेजारचा शब्द दिसतो. ‘द लोतेल’ म्हणजे हॉटेलचा, पण मोठ्या हॉटेलचा म्हटलं की ‘द्यू ग्राँ तोतेल’, कारण आता ल च्या पुढे ग आहे. उलटही होतं, ‘ओ गार्सों’ म्हणजे मुलाला, पण दुसऱ्या मुलाला म्हणजे ‘आ लोत्र गार्सों’. लिंग मात्र नामाचंच.

टेबल पाठ आहे, तरी बोलताना चुकतं. असं का होतं?

कारण टेबल हा या विषयातला अवघड भाग नाहीच. चार रूपं आहेत, दोन मिनिटांत पाठ होतात. चुका होतात त्या आधीच्या दोन पायऱ्यांवर: क्रियापदाला ‘आ’ लागतं की ‘द’ की काहीच नाही, आणि नाम पुल्लिंगी की स्त्रीलिंगी. या दोन गोष्टी माहीत असतील तर ओ आणि द्यू आपोआप येतात, आणि त्या माहीत नसतील तर टेबल भिंतीवर चिकटवूनही काही होत नाही. मी भिंतीवर चिकटवलेलं बघितलंय.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की सराव टेबलाचा करू नका, क्रियापदाचा आणि नामाचा करा. खालचा प्रश्न त्यामुळेच सगळ्यात मोठा आहे.

‘आ’ कधी आणि ‘द’ कधी? काही युक्ती आहे का?

मराठी माणसाला आहे, आणि ती बहुतेक पुस्तकांत सापडत नाही कारण पुस्तकं इंग्लिशमधून समजावतात. आपले ‘ला’ आणि ‘चा-ची-चे’ हे प्रत्यय घ्या. ढोबळमानाने ‘ला’ म्हणजे आ आणि ‘चा’ म्हणजे द.

डॉक्टरला फोन करतो: ज तेलेफोन ओ मेदसँ. सरांना उत्तर देतो: ज रेपों ओ प्रोफेसर. इथपर्यंत इंग्लिशवाल्यांनाही जमतं. पण पुढचं बघा. कुत्र्याची भीती वाटते: जे पर द्यू शियँ. लाल पुस्तकाची गरज आहे: जे बझ्वँ द्यू लिव्र रूज. मुलांची काळजी घेतो: ज मोक्युप दे झाँफाँ. संधीचा फायदा घेतो: ज प्रोफित द लोकाझियों. सुट्टीची आठवण आहे: ज म सूव्हियँ दे व्हाकाँस. भीती कोणाची, गरज कशाची, काळजी कोणाची, फायदा कशाचा, आठवण कशाची, सगळीकडे आपल्याकडे ची-चा आहे आणि फ्रेंचमधे द आहे. इंग्लिशमधून आलेला माणूस ‘मला पुस्तक हवंय’ वर अडकतो आणि द विसरतो, तुम्ही मराठीतून विचार केलात तर द हातातच असतो. आणि ‘हून’, ‘तून’ हेही द च: ऑफिसमधून येतोय, ज व्हियँ द्यू ब्युरो.

पण ही युक्ती चार ठिकाणी दगा देते आणि ती चार ठिकाणं आधीच लिहून ठेवा. बसची वाट बघतो, इथे ची आहे म्हणून द्यू लावावंसं वाटतं, पण फ्रेंचमधे वाट बघायला काहीच लागत नाही: जाताँ ल ब्यूस. शेजाऱ्याला मदत करतो, इथे ला आहे, पण फ्रेंच नुसतं: जेद ल व्ह्वाझँ. चावीचा शोध घेतोय, परत नुसतं: ज शेर्श ला क्ले. आणि सगळ्यात फसवं, मुलांचा विचार करतो. चा आहे म्हणून दे लिहिणार, पण फ्रेंचमधे विचार कोणाकडे तरी जातो, तिथे आ: ज पाँस ओ झाँफाँ. याच क्रियापदाला द लावलं तर ‘याबद्दल तुमचं मत काय’ असा अर्थ होतो, म्हणजे ते वाक्य वेगळंच झालं.

मी स्वतः माझ्या पहिल्या तोंडी परीक्षेत ‘जाताँ द्यू ब्यूस’ असं ठणकावून सांगितलं होतं. परीक्षक बाईंनी पेन टेबलावर टेकवलं आणि हळूच विचारलं, क्वा? म्हणजे काय? मला वाटलं ऐकू आलं नाही, म्हणून मी तेच वाक्य दुप्पट आवाजात परत म्हटलं. त्यांनी पेन उचललं आणि काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते निकालात दिसलं.

खेळायला ‘आ’ आणि वाजवायला ‘द’, हे खरं आहे का?

हो, आणि क्रियापद एकच आहे, ज्वे. खेळ असेल तर आ: ज जू ओ फूत, ज जू ओ झेशेक (बुद्धिबळ, अनेकवचन, म्हणून झ ऐकू येतो), ज जू ओ कार्त. वाद्य असेल तर द: ज जू द्यू पियानो, ज जू द ला गितार, ज जू द्यू व्हियोलों. मराठीत खेळणं आणि वाजवणं हे वेगळे शब्द असल्यामुळे आपला गोंधळ होत नाही, पण ‘फुटबॉल खेळतो’ मधे कुठलाच प्रत्यय नाही म्हणून ‘ज जू ल फूत’ अशी चूक होते. एक ध्यानात ठेवा, ज्वे आलं की मागोमाग ओ किंवा द्यू यायलाच हवं असं कान मागायला लागला पाहिजे.

‘ज माँज द्यू पँ’ मधला द्यू पण हाच का?

दिसायला हाच, पण वेगळा. ज माँज द्यू पँ म्हणजे मी पाव खातो, थोडा पाव, किती ते सांगितलं नाही. हा द्यू म्हणजे पार्टिटिव्ह, पूर्ण आर्टिकल आहे, त्यात प्रीपोझिशनचं काम उरलेलं नाही. ज पार्ल द्यू पँ म्हणजे मी त्या पावाबद्दल बोलतोय, इथे बोलण्याला द लागतं, त्यात ल मिसळला.

ओळखायची सोपी टेस्ट अशी की वाक्य नकारार्थी करून बघा. ज न माँज पा द पँ: द्यू चा द झाला, म्हणजे तो पार्टिटिव्ह. ज न पार्ल पा द्यू पँ: द्यू तसाच राहिला, म्हणजे तो कॉन्ट्रॅक्टेड. ‘दे’ चंही तसंच. जे दे लिव्र, माझ्याकडे पुस्तकं आहेत, नकारात ज ने पा द लिव्र, म्हणजे हा दे नुसता अनेकवचनी आर्टिकल. ल प्री दे लिव्र, पुस्तकांची किंमत, हा आपला ‘चा’ वाला दे. मराठी टेस्टही चालते, भाषांतरात चा-ची-चे, बद्दल, हून असं काही डोकावलं तर तो कॉन्ट्रॅक्टेड.

‘बोकू द लिव्र’ मधे दे का नाही? आणि ‘बझ्वँ द पँ’ मधे द्यू का नाही?

बोकू म्हणजे पुष्कळ. प्रमाण सांगणाऱ्या शब्दांनंतर नुसता द येतो, आर्टिकल येतच नाही, मग जोडणार कशाला. अपवाद ‘ला प्ल्युपार’, बहुतेक, त्याच्यानंतर दे लागतं: ला प्ल्युपार दे जाँ, बहुतेक लोक.

बझ्वँ चं असं आहे की बझ्वँ द च्या पुढे पार्टिटिव्ह द्यू आला असता, म्हणजे द द्यू पँ. असे दोन द शेजारी फ्रेंच सहन करत नाही, पार्टिटिव्ह गळून पडतो आणि उरतं जे बझ्वँ द पँ. पण ठरावीक वस्तू असेल, ते लाल पुस्तक, तो कालचा पाव, तर ल असतो आणि द्यू होतं. मला स्वतःला हे नीट बसायला वर्ष लागलं, तुम्हाला आठवड्यात नाही बसलं तर काही बिघडत नाही.

‘द ल फेर’ असं एका ठिकाणी वाचलं. ती चूक होती का?

नाही. जे ऊब्लिये द ल फेर, मी ते करायला विसरलो. इथला ल आर्टिकल नाही, सर्वनाम आहे, ‘ते’. सर्वनाम कधीच जोडलं जात नाही. ज कोमाँस आ ले कोंप्राँद्र, मला ते कळायला लागलेत, हेही तसंच. पुढे क्रियापद असेल तर हात बाजूला, पुढे नाम किंवा विशेषण असेल तर जोडा.

आणि ‘आ तू ल मोंद’?

आ आणि ल च्या मधे तू (सगळा) येऊन बसलाय, शेजार तुटला, जोडणी नाही. ‘द तू ले झेलेव्ह’ तसंच.

दाँ (आत), स्युर (वर), आव्हेक (सोबत), पूर (साठी) यांना जोडायचं का?

नाही. फक्त आ आणि द. पण ज्या लांबलचक प्रीपोझिशनच्या शेवटी द आहे तिथे जोडायचं: प्रे द्यू मार्शे (बाजाराजवळ), आ कोते द ला गार (स्टेशनशेजारी), आँ फास द लोतेल (हॉटेलसमोर), ल्वँ दे मेझों (घरांपासून लांब). मॅप दाखवून रस्ता सांगा असा प्रश्न आला की हे सगळं एकदम लागतं.

देशांच्या नावांना ओ कधी?

देश पुल्लिंगी आणि व्यंजनाने सुरू होणारा असेल तर ओ: ओ कानादा, ओ जापों, ओ ब्रेझिल. अनेकवचनी असेल तर एक्सवाला: ओ झेताझ्युनी, ओ पेई-बा. स्त्रीलिंगी असेल तर आँ: आँ फ्राँस, आँ नँद. पुल्लिंगी पण स्वराने सुरू होणारा असेल तरी आँ: आँ निराँ. तिथून येताना द्यू जापों, दे झेताझ्युनी, पण द फ्राँस, दँद, आर्टिकल गायब.

स्पेलिंगच्या शेवटी ई हे अक्षर असलेले देश बहुतेक स्त्रीलिंगी असतात, पण मेक्सिको (मेक्सिक) फसवतो, तिथे ओ मेक्सिक. कंबोडियाचंही तसंच, ओ काँबोज.

शहरांना सहसा आर्टिकल नसतं, आ पारी. पण काही शहरांच्या नावातच ल आहे आणि तो जोडला जातो, तेही कॅपिटल अक्षर असून. ल आव्र हे बंदर, तिथे जायचं तर ओ आव्र. कैरो म्हणजे ल केर, म्हणून ओ केर. ल माँ या गावातली २४ तासांची कार रेस १९२३ पासून आहे, तिचं नाव ‘व्हँत-कात्र अर द्यू माँ’, त्या नावातला द्यू म्हणजे द अधिक ल माँ मधला ल. ला रोशेल मात्र आ ला रोशेल. माणसाच्या आडनावातला ल सहसा जोडत नाहीत, आर्किटेक्ट ल कोर्ब्युझिए यांची इमारत म्हणायचं तर ‘द ल कोर्ब्युझिए’.

‘ओ मेदसँ’ म्हणजे डॉक्टरकडे, बरोबर ना?

डॉक्टरला फोन केला, डॉक्टरशी बोललो, तिथे बरोबर. पण डॉक्टरकडे जातो म्हणताना माणूस आहे म्हणून ‘शे’ लागतं: ज व्हे शे ल मेदसँ. जागेला आ, माणसाकडे शे. आपल्याकडेही ‘दवाखान्यात’ आणि ‘डॉक्टरकडे’ असा फरक आहेच.

काय दुखतंय हे सांगताना?

माल आ. जे माल आ ला तेत, डोकं दुखतंय. ओ दो, पाठ. ओ व्हाँत्र, पोट. ओ दाँ, दात, एक्सवाला. ओ झ्यो, डोळे. मराठीत ‘माझं डोकं’ म्हणतो आपण, फ्रेंचमधे ‘माझं’ येत नाही, आर्टिकलच येतं. हे सरावासाठी सोन्यासारखं आहे, कारण शरीराचे पंधरा अवयव घेतले की चारपैकी दोन रूपं आणि दोन न जोडलेली रूपं आपोआप फिरतात.

वार, महिने, ऋतू?

द्यू लँदी ओ व्हाँद्रदी, सोमवार ते शुक्रवार. चारही ऋतूंमधे फक्त वसंताला ओ: ओ प्रँताँ. बाकी तिघांना आँ, कारण तिन्ही स्वराने सुरू झालेले ऐकू येतात: आँ नेते, आँ नोतोन, आँ निव्हेर.

ओकेल, द्यूकेल हे काय प्रकरण?

तेच नियम, फक्त ‘लकेल’ (कोणता, जो) या शब्दावर. आ अधिक लकेल म्हणजे ओकेल, द अधिक लकेल म्हणजे द्यूकेल, स्त्रीलिंगी आ लाकेल न जोडलेलं. सुरुवातीच्या लेव्हलला सोडून द्या.

बरं, सराव नेमका कसा करायचा?

पहिलं, नाम कधीही एकटं लिहू नका. ‘मार्शे म्हणजे बाजार’ असं लिहिलंत की ते शिकणं वाया गेलं, ‘ल मार्शे’ लिहा. स्वराने सुरू होणाऱ्या शब्दाला तर ‘अँ’ किंवा ‘युन’ लावूनच लिहा, कारण ल् मधे लिंग लपतं. क्रियापदही एकटं लिहू नका, ‘पाँसे’ नाही, ‘पाँसे आ’.

दुसरं, मोठ्याने बोला. माझ्या एका विद्यार्थिनीची पद्धत सांगतो. वहीच्या डाव्या पानावर सहा क्रियापदं: जातो, येतो, बोलतो कोणाशी, बोलतो कशाबद्दल, गरज आहे, भीती वाटते. उजव्या पानावर आठ नामं, मुद्दाम मिसळलेली: ल मार्शे, ला गार, अँ नोतेल, ले झाँफाँ, ल शियँ, अशी. डावा अंगठा एका क्रियापदावर, उजव्या हाताचं बोट एका नामावर, आणि वाक्य. सुरुवातीला ती जोडणी उलगडून म्हणायची, हळू आवाजात ‘आ… ल… मार्शे’ आणि मग जोरात ‘ओ मार्शे!’. दहा-बारा दिवसांनी हळू आवाजातलं बंद झालं. ‘मी कुत्र्यात जातो’ अशी काहीच्या काही वाक्यंही व्हायची, ती हसायची आणि पुढे जायची, पण अशी वाक्यंच जास्त लक्षात राहतात हे मी पाहिलंय. गाळलेल्या जागा भरण्यापेक्षा हे कितीतरी बरं, कारण गाळलेल्या जागेत क्रियापद आधीच छापलेलं असतं आणि खरी मारामारी तिथेच असते.

तिसरं, जाणं-येणं जोडीने करा. ज व्हे ओ सिनेमा, ज व्हियँ द्यू सिनेमा. ज व्हे आ ला बिब्लियोतेक, ज व्हियँ द ला बिब्लियोतेक. एका नामात दोन रूपं.

खाण्याच्या नावांत तर तयार सराव पडलाय: काफे ओ ले, पँ ओ शोकोला, तार्त ओ पोम, सूप आ लोन्यों. या चार नावांत ‘आ’ ची तीन रूपं आली, एकवचनी ओ दोनदा, अनेकवचनी ओ, आ ल्. मेन्यू कार्ड वाचा, पदार्थ नाही मिळाला तरी व्याकरण मिळेल.

परीक्षेत याच्यावर वेगळा प्रश्न येतो का?

शाळा-कॉलेजच्या पेपरात येतो, गाळलेल्या जागा. डेल्फमधे (फ्रेंच येतं याचं प्रमाणपत्र देणारी परीक्षा) व्याकरणाचा वेगळा पेपरच नसतो, ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग, प्रत्येकी २५ गुण. पण लेखनात मित्राला पत्र लिहा म्हटलं की कुठे गेलो, कुठून आलो, काय खेळलो हेच लिहावं लागतं, म्हणजे प्रत्येक ओळीत हेच.

थोडी वाक्यं द्या ना तपासून बघायला.

घ्या. खालचं उत्तर झाका आणि आधी बोला. एक, मी बँकेत जातोय. दोन, ती ऑफिसमधून येतेय. तीन, मला मांजरांची भीती वाटते. चार, आम्ही ट्रेनची वाट बघतोय. पाच, हॉटेलचं नाव. सहा, मोठ्या हॉटेलचं नाव. सात, ती बासरी वाजवते. आठ, मी सुट्टीचा विचार करतोय. नऊ, मी पाणी पीत नाही. दहा, मी ते करायला विसरलो.

उत्तरं: एक, ज व्हे आ ला बाँक. दोन, एल व्हियँ द्यू ब्युरो. तीन, जे पर दे शा. पाच, ल नों द लोतेल. सहा, ल नों द्यू ग्राँ तोतेल. सात, एल जू द ला फ्ल्यूत. आठ, ज पाँस ओ व्हाकाँस, एक्सवाला. नऊ, ज न ब्वा पा दो, नकार आहे म्हणून नुसता द. दहा, जे ऊब्लिये द ल फेर.

चौथं मुद्दाम शेवटी ठेवलंय: नू झाताँदों ल त्रँ. तिथे ‘द्यू’ लिहिला असेल तर माझ्या पंगतीत बसा.